शेवटचं धुवण

मुंगीची नखं कापणं हा त्या घरातला दर रविवारचा सोहळा होता. मुंगी म्हणजे घरातली चार वर्षांची लेक. जन्मल्यापासून एका जागी बसेल तर शपथ, म्हणून बापाने हे नाव पाडलं आणि तेच चिकटलं. बापाने तिला मांडीत आवळून धरायचं, आजीने गोष्ट सांगायची आणि गोष्टीत राक्षस यायच्या आत आईने सगळी बोटं उरकायची, अशी कामं वाटलेली होती. राक्षस आला की मुंगी उसळायची आणि एखादं नख अर्धवट राहायचंच.

त्या रविवारी आईने मुंगीचा हात हातात घेतला, नेलकटर उघडला आणि ती तशीच थांबली.

"आई, तुम्ही कापलीत का हिची नखं?" तिने सासूबाईंना विचारलं.

"मी कशाला कापते? चष्मा लावूनही मला सुईत दोरा ओवता येत नाही. नखाऐवजी बोटच जायचं पोरीचं."

"कुरतडली असतील," नवरा म्हणाला. "मुंगीच ती. कुरतडायचीच."

पण कुरतडलेलं नख कसं दिसतं हे तिला माहीत होतं. ही नखं सरळ, गुळगुळीत होती. तिनेच मागच्या रविवारी कापलेली. उजव्या करंगळीच्या नखाला एक बारीकसं टोक राहिलं होतं, राक्षस आला होता तेव्हाचं. ते टोक तिथेच होतं. तेवढंच.

"चला, या रविवारी सुट्टी," असं म्हणून तिने नेलकटर मिटला. सुटका झाल्याच्या आनंदात मुंगी घरभर धावत सुटली, आणि आई स्वयंपाकघरात हात धुवायला गेली. धुऊन झाल्यावर सवयीप्रमाणे तिने ते पुन्हा एकदा धुतले.

ती एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिथेही तिला सगळे मुंगीची आईच म्हणायचे, कारण तिच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी मुंगी यायचीच. दुमजली, पिवळट रंगाची इमारत. खालच्या मजल्यावर एकामागे एक दोन दारं असलेली आतली खोली. तिथे क्षयाच्या रुग्णांचे नमुने यायचे आणि अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर जाड मास्क चढवल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. बाहेरच्या खोलीत मात्र त्या जंतूंचा एक निरुपद्रवी चुलतभाऊ वाढवत. तो कुणाला आजारी पाडत नाही, भराभर वाढतो, आणि एखादी पद्धत बसवायची असेल तर आधी त्याच्यावर बसवतात. मुंगीची आई सकाळी आतल्या खोलीत असायची आणि दुपारी बाहेरच्या.

बाहेरच्या खोलीतलं काम सांगायला सोपं होतं. जंतूंवर औषध घालायचं, थोड्या वेळाने ते पूर्णपणे धुऊन काढायचं आणि मग बघायचं, औषध गेल्यावरही जंतू किती काळ वाढायचे थांबून राहतात. नव्या मुलांना हे समजावून सांगायचं काम शेजारच्या टेबलावरचे बुजुर्ग तंत्रज्ञ करायचे. हातात सदा चिमटा आणि बोलण्यातही सदा चिमटा, म्हणून त्यांना चिमटेकाका म्हणत.

"वर्गातून मास्तर बाहेर गेले," चिमटेकाका सांगायचे, "की पोरं लगेच दंगा करतात का? नाही. थोडा वेळ गप्प बसतात. तो थोडा वेळ मोजायचा. याचाच पगार मिळतो आपल्याला."

मोजायला एक यंत्र होतं. मोठ्या कपाटासारखं, आत ऊब, खणाखणांत बाटल्या. बाटलीत जंतू वाढायला लागले की त्या खणावरचा हिरवा दिवा तांबडा व्हायचा. औषध दिलेल्या बाटलीबरोबर नेहमी एक बाटली अशी ठेवायची की जिने औषध पाहिलेलंच नाही, पण बाकी सगळे सोपस्कार तिच्यावरही झालेले आहेत. तिला ते साक्षीदार म्हणायचे. साक्षीदार आधी तांबडा व्हायचा, औषधवाली बाटली मागून, आणि मधलं अंतर म्हणजे त्या औषधाचा रेंगाळलेला धाक.

सगळी मेख धुण्यात होती. नळी गरगर फिरवायची, जंतू तळाशी बसले की वरचं पाणी ओतून टाकायचं, स्वच्छ पाणी घालायचं, पुन्हा फिरवायचं. असं तीनदा. औषधाचा अंश जरी मागे राहिला तरी मास्तर वर्गातच राहिले, मग मोजणार काय? म्हणून शेवटी एक खात्री करायची. तिसऱ्यांदा धुतल्यावर निघालेलं पाणी, ज्याला ते सगळे धुवणच म्हणायचे, ते अगदी ताज्या जंतूंवर घालायचं. ताजे जंतू बिनघोर वाढले की समजायचं, धुवण स्वच्छ आहे.

नियमात धुणं तीनदा होतं. मुंगीची आई चौथ्यांदा धुवायची.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुंगी झाल्यापासूनची ती सवय होती. कामावरून निघताना हात धुवायचे, बसमधून उतरून घरी आल्यावर धुवायचे, अंघोळ करायची, कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे आणि मुंगीला उचलण्याआधी पुन्हा एकदा हात धुवायचे. मुंगीचा पेला घासला तरी एकदा जास्त विसळायचा. हा रोग श्वासातून पसरतो, हातांतून नाही, हे ती स्वतः नव्या मुलांना शिकवायची. पण शिकवणं वेगळं आणि रात्री पोर खोकली की छातीत धस्स होणं वेगळं.

"अगं, साबण झिजला तो झिजला," सासूबाई म्हणायच्या, "निदान कातडी तरी राहू दे अंगावर."

त्याच आठवड्यात तिच्या खात्रीच्या बाटल्या वाढेनाशा झाल्या.

धुवण घातलेले ताजे जंतू नुसते बसून राहिले. दिवा हिरवा तो हिरवाच. औषध नीट निघालं नसणार, असं म्हणून तिने सगळं पुन्हा केलं, आणखी जपून धुतलं. पुन्हा तेच. वरच्या मजल्यावर औषधाचा कण अन् कण शोधणारं यंत्र होतं. तिथे धुवण पाठवलं. उत्तर आलं, काही नाही. निव्वळ पाणी.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या हातून काहीतरी राहून जातंय. घाई करू नकोस. नीट धू."

तिने नीट धुतलं. नवी बाटली, नवं पाणी, नवे हातमोजे. मग ज्या नळीत औषध कधी पडलंच नव्हतं त्या साक्षीदाराचंही धुवण काढून ताज्या जंतूंवर घातलं.

तेही गप्प.

तिने त्यातली एक बाटली खिडकीपाशी उजेडात धरली. हे जंतू वाढतात तेव्हा त्यांचे बारीक पुंजके होतात आणि रव्यासारखे तळाशी बसतात. मेले तरी तळाशीच जातात. या बाटलीत पुंजके होते. ते मध्येच होते. ना वर आले होते, ना खाली बसत होते. तिने बाटली तिरकी केली. पाणी तिरकं झालं. पुंजके जिथे होते तिथेच राहिले, आणि पाणी त्यांच्या भोवतीने हललं.

बाटली खणात ठेवून ती हात धुवायला गेली.

घरी मुंगी पायरीवरून पडली होती. गुडघ्यावर रुपयाएवढं सालटं गेलं होतं. मुंगीने आकांत केला, आजीने फुंकर घातली, बाबाने पायरीला मार दिला आणि आईने जखम धुतली. धुऊन पुन्हा एकदा धुतली. मग सगळं विसरून मुंगी खेळायला पळाली.

दुसऱ्या दिवशी जखम तशीच लाल, ओली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. खपली धरत नव्हती, चिघळतही नव्हती. कडेला रक्ताचा एक मोहरीएवढा थेंब होता. तो ओघळायच्या बेतात होता आणि ओघळत नव्हता.

"दुखतं का गं?"

"नाही," मुंगी म्हणाली. "गार लागतं."

डॉक्टरांनी गुडघा पाहिला, मुंगीला काट्यावर उभं केलं, भिंतीला टेकवून उंची घेतली. मागच्या वेळी होती तेवढीच होती. "मुलं थांबून थांबून वाढतात," ते म्हणाले. "इतकं मनाला लावून घेऊ नका. जखम स्वच्छ ठेवा. दिवसातून दोनदा धुवा, बस."

तिने दिवसातून चारदा धुतली.

मग तिचं लक्ष बाकीच्या गोष्टींकडे जायला लागलं. ओट्याच्या कोपऱ्यात पावाचा अर्धा तुकडा राहून गेला होता, कधीचा कोण जाणे. त्याला बुरशी आली नव्हती. दाबला तर मऊ होता. मुंगीच्या पेल्यात तळाशी दूध राहिलं होतं, दोन दिवसांपूर्वीचं. तिने नाकाशी धरलं. नुसता दुधाचा वास. खिडकीतल्या कुंडीत, जिला ती पेले विसळलेलं पाणी घालायची, एक कोंब मातीतून अर्धवट वर आला होता. त्याच्या डोक्यावर मातीचा एक खडा तसाच तोलून राहिला होता.

"बरंय की," नवरा हसला. "दूध नासत नाही, फ्रॉक आखूड होत नाहीत. स्वस्ताई आली म्हणायची." मग त्याने तिचा चेहरा पाहिला. "अगं, काय झालंय तुला? झोपत नाहीस का नीट?"

काय सांगणार? की पोरीची करंगळी ती रोज बघते? की ते टोक अजून तेवढंच आहे?

एका संध्याकाळी ती चहा ओतत होती. दारात मुंगी आली. एक पाय उंबऱ्याच्या आत, दुसरा अजून हवेत. हातात बाहुली. चहा ओतून झाला, कप बशीवर ठेवून झाला, तरी तो पाय हवेतच होता. मुंगी हसत होती. हसू कुठेतरी निघालं होतं आणि अजून पोचलं नव्हतं.

"मुंगे."

काही नाही.

"मुंगे!"

पाय खाली आला. "काय?"

"अशी का उभी होतीस?"

"कशी?" मुंगी म्हणाली, आणि धावत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती चिमटेकाकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "काका, तुम्ही एकदा माझ्यासमोर धुता का?"

काकांनी तिच्याच नळ्या, तिचंच पाणी घेऊन धुतलं. त्यांचं धुवण घातलेले जंतू दुसऱ्या दिवशी दिमाखात वाढले. मग तिने काकांच्या डोळ्यांदेखत धुतलं.

"थांबा," काका म्हणाले. "हे चौथं कशाला?"

"सवय."

"औषध तर तिसऱ्यातच गेलेलं असतं."

"माहीत आहे."

काकांनी हनुवटी खाजवली. "असं करू. औषध नकोच. नुसते जंतू आणि नुसतं पाणी. एक नळी एकदाच धुवा, एक दोनदा, अशा चढत्या भाजणीने. एक मुळीच धुऊ नका."

तिने तसं केलं. त्यांनी वाट पाहिली. न धुतलेली बाटली वेळेवर तांबडी झाली. एकदा धुतलेली जरा उशिरा. दोनदा धुतलेली त्याहून उशिरा. पुढच्या हिरव्याच राहिल्या. जितकं जास्त धुवावं, पाण्यात जितकं कमी उरावं, तितका तो धाक वाढत होता.

"झकास," काका म्हणाले. "नोकरी सोडा, साखरेच्या गोळ्यांचा दवाखाना काढू. मी तुमचा भागीदार." आपल्याच विनोदावर हसायला त्यांनी तोंड उघडलं. पण नजर हिरव्या दिव्यांवर गेली आणि हसू तिथेच राहिलं. त्यांनी खुर्ची जराशी मागे सरकवली. यंत्रापासून की तिच्यापासून, हे तिला कळलं नाही.

"एक सांगा, मुंगीच्या आई," ते हळू आवाजात म्हणाले. "या वर्गात मास्तर कधी आलेच नव्हते. मग ही पोरं कुणाला भिऊन गप्प आहेत?"

ती मुंगीच्या पेल्याचा विचार करत होती. मुंगीच्या फ्रॉकचा, चादरीचा, रोजच्या अंघोळीचा. गुडघ्यावरच्या जखमेचा. आपण किती वेळा, किती जिवापाड, काय काय धुतलं आहे त्याचा.

त्या रात्री तिने मुंगीला हात लावला नाही. डोकं दुखतंय म्हणून ती बाहेरच्या कॉटवर निजली.

सकाळी ती कामावर निघाली तेव्हा मुंगी झोपेत होती. कुशीवर वळता वळता झोप लागलेली, एक हात वर, चादरीच्याही वर, कशालाही न टेकलेला. आई बघत राहिली. हात खाली आला नाही.

तिने मोठ्या मॅडमना सांगून टाकलं, आज आतल्या खोलीत जाणार नाही. दुपारपर्यंत तिने कसंबसं काम केलं. मग हातमोजे काढले, पिशवी घेतली आणि दाराशी आली. दाराशी बेसिन होतं. वर पाटी होती, हात धुतल्याशिवाय बाहेर पडू नये. ही पाटी तिनेच लिहिलेली होती.

पाय तिथे आपोआप थांबले. हात नळाकडे गेला.

धुतले नाहीत तर? आतल्या खोलीचं दार, त्याची कडी, ती पिशवी, ते पेन. कुठे काय असेल कुणास ठाऊक. हातांतून पसरत नाही. माहीत आहे. पण घरी चार वर्षांची पोर आहे.

आणि धुतले तर?

ती नळ न सोडताच बाहेर पडली. बसमध्ये तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, जणू कुणीतरी ओंजळीत काही दिलंय आणि ते सांडायला नको. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं.

दार सासूबाईंनी उघडलं. "आज लवकर? बरं झालं. बघ तरी, किती शहाण्यासारखी बसलीय आज तुझी लेक. सकाळपासून त्रास म्हणून नाही. मला तर भांडी आवरून डुलकी काढता आली."

मुंगी फरशीवर बसली होती. चेंडू भिंतीपाशी जाऊन थांबलेला. तो घ्यायला ती पुढे वाकली होती, एक गुडघा जमिनीवर, हात लांब केलेला. बोटं चेंडूपासून वीतभर अंतरावर.

केसांची एक बट पुढे आली होती. ती हवेत होती.

"किती वेळ अशी आहे ही?"

"अशी म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "खेळतेय की."

वाटेत मोरी होती. नळ होता. साबण होता. तिचे हात त्या बाजूला वळले, अगदी स्वतःहून, आणि तिने ते मुठी आवळून मागे ओढले.

ती मुंगीसमोर बसली. गुडघ्यावरचा थेंब अजून ओघळायच्या बेतात होता. डोळे उघडे होते, चेंडूकडे. त्यांत पापणी लवत नव्हती. खिडकीपाशी उजेडात धरलेली ती बाटली तिला आठवली. पाणी हललं होतं. पुंजके नाही.

तिने मुंगीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बसची दांडी, सुटे पैसे, पेन, दाराची कडी, सगळ्यासकट.

गाल गार होते.

काही झालं नाही.

तिने हात काढले नाहीत. आतून कुणीतरी ओरडत होतं, धू, आधी धू. तिने अंगठे लेकीच्या डोळ्यांखाली टेकवले आणि दाबून धरले.

काही झालं नाही.

मग अंगठ्याखाली काहीतरी फडफडलं.

पापणी.

"ई," मुंगी म्हणाली. "आई, तुझ्या हातांना रबराचा वास येतोय."

आणि रक्ताचा तो थेंब सुटला आणि नडगीवरून खाली ओघळला. लेकीचं रक्त वाहताना बघून कधी कुठली आई इतकी हसली नसेल.

दुसऱ्या दिवशी चिमटेकाका दारातच उभे होते. "काल दुपारी वर्ग सुटला," ते म्हणाले. "तुमच्या सगळ्या बाटल्या एकदम तांबड्या झाल्या. कमी धुतलेली, जास्त धुतलेली, काही फरक नाही. यंत्र ठणाणा करायला लागलं, वरच्या मजल्यावरचे सगळे धावत खाली आले. मॅडम म्हणतात, यंत्रच बिघडलं होतं."

"किती वाजता?"

काकांनी वेळ सांगितली. मुंगीची पापणी लवली तीच. तिने मान हलवली आणि हातमोजे चढवले.

त्यानंतर तिने जास्तीचं धुणं सोडलं. एकदम नाही, जड गेलं. पण तीन म्हणजे तीन आणि एक म्हणजे एक. मुंगीच्या गुडघ्याला खपली धरली आणि पडलीही. पावाला बुरशी आली. तिने ती प्रेमाने केराच्या डब्यात टाकली. करंगळीचं टोक वाढलं, इतकं की त्याने आजीला बोचकारलं. फ्रॉक आखूड झाले. घरात पुन्हा धावपळ, आरडाओरडा, आणि रविवारचा सोहळा.

अशाच एका रविवारी राक्षस जरा लवकर आला. मुंगी उसळली, नेलकटर घसरला आणि आईच्या डाव्या तर्जनीला लागला. थोडंसंच. रक्ताचा एक ठिपका.

मुंगीचे डोळे मोठे झाले. "मी धुते!"

"काही नाही गं, एवढंसं तर आहे."

पण तिने आईला ओढत मोरीपाशी नेलं, स्टूल ओढलं, वर चढली, नळ सोडला. इवल्या इवल्या हातांनी साबण लावला, फुंकर घातली, पाणी ओतलं. भुवया जवळ आलेल्या, जीभ दातांत धरलेली. आईचा ऊर भरून आला. कुणाकडून शिकली असेल एवढी माया?

"झालं, राणी. स्वच्छ झालं."

"नाही," मुंगी म्हणाली आणि तिचं बोट घट्ट धरलं. "अजून एकदा."

पुढचा रविवार आला. जेवणं झाली होती. सासूबाई गोष्ट सांगायला सरसावून बसल्या, नवरा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. मुंगी अजून आत होती.

"पेले धुतेय," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "आठवडाभर मला हात लावू देत नाही. सगळ्यांचे पेले तीच धुते. गुणाची गं पोर."

आईने नेलकटर उघडला आणि धरताना तिला तर्जनीवर काहीतरी गार लागलं. तिने बोट उजेडात धरलं. कापलेलं तसंच होतं, लाल, ओलं. कडेला एक ठिपका होता, ओघळायच्या बेतात.

आत नळ बंद झाला.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग नळ पुन्हा सुरू झाला.

सासूबाईंनी गोष्ट सुरू करायला तोंड उघडलेलं होतं. नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटायला घेतलं होतं. ते पान खाली यायची ती वाट बघत राहिली.